‘क्रेडिट जमा करा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

परवा नाशिकच्या सिडकोतले एक ओळखीचे भाऊ मोबाइल पुढे धरून घरी आले. अंबडच्या एका कारखान्यात फिटर आहेत, मुलगी गंगापूर रोडवरच्या कॉलेजात एस.वाय.बी.कॉम.ला. कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला होता: एबीसी आयडी काढून क्रमांक कळवा, स्वयमवर कोर्स घेतला असेल तर तपशील द्या, ओजेटीचं पत्र शनिवारपर्यंत आणा. मुलीनं आयडी काढायला घेतला आणि भाऊंच्या फोनवर ओटीपी आला. त्यांनी तो दिलाच नाही.

“दादा, हल्ली खात्यात पैसे टाकतो म्हणून ओटीपी मागतात, तसलंच काही वाटलं. आणि हे क्रेडिट क्रेडिट काय लावलंय? कार्ड गळ्यात मारणार का पोरीच्या?”

भाऊंना हसण्याचं कारण नाही. आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम सुरू झाले, आणि त्याबरोबर लघुरूपांची एक फौजच घरात शिरली. पोरांना ती तोंडपाठ आहेत. अर्थ विचारला की तीही इकडेतिकडे बघतात. तेव्हा अगदी मुळापासून सुरुवात करू.

क्रेडिट म्हणजे मस्टरवरची हजेरी, पण अर्धीच गोष्ट

क्रेडिट हे अभ्यासाच्या कष्टाचं माप आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास धरला आहे. त्यात वर्गात बसणं आलं, प्रात्यक्षिक आलं, घरचं वाचन आलं, परीक्षाही आली. वर्षाला १,२०० तास, म्हणजे ४० क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात.

भाऊंना सांगितलं, तुमच्या मस्टरसारखं समजा. मात्र नुसती हजेरी लागून भागत नाही. तासही भरायला हवेत आणि बनवलेला जॉब इन्स्पेक्शनमधून पासही व्हायला हवा, तेव्हा क्रेडिट मिळतं. तास भरले आणि विषयात नापास, तर जॉब रिजेक्ट.

पूर्वीची पदवी ठरलेल्या थाळीसारखी होती. ताटात जे वाढलं ते सगळं खायचं, मधे उठलात तर हातात काहीच नाही. आता प्रत्येक वाटीची वेगळी नोंद होते. एक वर्ष पूर्ण करून थांबलात तर नियमांप्रमाणे प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, आणि पुढे परत येऊन उरलेलं पूर्ण करता येतं. यातल्या काही वाट्या कॉलेजबाहेरून, ऑनलाइन कोर्समधूनही आणता येतात. ग्रुपवरच्या निरोपात स्वयमचं नाव होतं ते यासाठी.

एबीसी: बँक खरी, पण छापखाना नव्हे

एबीसी म्हणजे ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’, क्रेडिटची बँक. विद्यापीठ अनुदान आयोगानं तिचे नियम जुलै २०२१ मध्ये काढले. विद्यार्थ्यानं कुठल्याही मान्य संस्थेत मिळवलेली क्रेडिट तिथं त्याच्या नावावर जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. आता त्यालाच अपार आयडी जोडलाय, बारा आकडी क्रमांक. खातं डिजिलॉकरमधून उघडतं आणि ओळख आधारवरून पटवली जाते, म्हणून तो ओटीपी. व्याज नाही, पैसे नाहीत, कार्ड नाही. तो ओटीपी मुलीनं डिजिलॉकरच्या अॅपमध्ये स्वतः टाकायचा. फोन करून कुणी ‘कॉलेजमधून बोलतोय, ओटीपी सांगा’ म्हणालं, तर मात्र भाऊंनी जे केलं तेच करायचं.

एक गैरसमज इथंच काढलेला बरा. बऱ्याच मुलांना वाटतं, खातं उघडलं की क्रेडिट येतात. नोटा छापायचं काम नाशिकरोडच्या छापखान्याचं, बँक त्या फक्त सांभाळते. एबीसीही नुसती सांभाळते. क्रेडिट ‘छापतं’ ते विद्यापीठ किंवा मान्य संस्था. छापलंच नाही तर खात्यात येणार कुठून?

स्वयम नावाचं मार्केट यार्ड

स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं संकेतस्थळ, जुलै २०१७ मध्ये सुरू झालं. पंचवटीच्या मार्केट यार्डासारखं त्याचं आहे. आवार एक, गाळे अनेकांचे. अभियांत्रिकी आणि विज्ञानाचा मोठा गाळा एनपीटीईएलचा. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं तो २००३ पासून चालवलाय, म्हणजे स्वयमच्याही आधीपासून. व्यवस्थापनाचे कोर्स आयआयएम बंगळूरकडून येतात, शिवाय इग्नू आणि इतर संस्था आहेत. कोर्स साधारण जानेवारी आणि जुलै अशा दोन हंगामांत सुरू होतात.

नाव नोंदवायला, व्हिडिओ बघायला, घरचा अभ्यास सोडवायला पैसे लागत नाहीत. पैसे परीक्षेला. एनपीटीईएलच्या एका परीक्षेला हजार रुपये, आणि ती घरी बसून देता येत नाही, केंद्रावर जाऊन द्यावी लागते. गुणांचा हिशेब असा: दर आठवड्याच्या असाइनमेंटचे २५, परीक्षेचे ७५. असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० हवेत, दोन्ही. एकात कमी पडलं की दुसऱ्यातले जास्तीचे गुण कामाला येत नाहीत. बारा आठवड्यांच्या कोर्सला बारातल्या उत्तम आठ असाइनमेंट धरतात, त्यामुळे एखाद्या आठवड्यात घरात लग्न निघालं तरी बिघडत नाही. एकूण ६० च्या पुढं ‘एलिट’, ९० च्या पुढं सुवर्णमुद्रा.

मुलं हमखास अडकतात अशा दोन जागा आहेत. कोर्सला नाव नोंदवणं आणि परीक्षेचा फॉर्म भरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्मची मुदत कोर्स चालू असतानाच येते आणि निघून जाते. दुसरी जागा जास्त महागात पडते. नियमांनुसार एका सत्रातल्या विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत स्वयमवरून घेता येतात. हे ‘पर्यंत’ नीट वाचा. कुठला कोर्स कुठल्या विषयाऐवजी चालेल हे आपलं विद्यापीठ आणि कॉलेज ठरवतं. आधी कोर्स करून मग कॉलेजात ‘क्रेडिट द्या’ म्हणायला जाणं म्हणजे माल भरून ट्रॅक्टर आणायचा आणि गेटवर कळायचं की आज लिलाव बंद. नोंदणीआधी विभागप्रमुखांना किंवा समन्वयकांना लेखी विचारा, ईमेल केला तरी चालेल. तोंडी ‘हो हो, करून टाक’ याला पुढच्या वर्षी कुणी ओळख दाखवत नाही.

आणि कोर्सेरासारख्या खासगी ठिकाणचे कोर्स? शिकायला पुष्कळ चांगले आहेत, पण ते आपोआप क्रेडिट म्हणून जमा होत नाहीत. शिकण्यासाठी घ्यायचे असतील तर जरूर घ्या.

मग इतकी मुलं अर्ध्यात का सोडतात?

मीही सोडलेत. तीन. त्यातला एक दुसऱ्याच आठवड्यात, आणि विषय होता वेळेचं नियोजन.

ही गोष्ट ऑनलाइन शिक्षणाइतकीच जुनी आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विख्यात संस्थेनं २०१२ मध्ये सर्किट आणि इलेक्ट्रॉनिक्सचा पहिला मोठा मोफत ऑनलाइन कोर्स काढला. जगभरातून सुमारे दीड लाखावर लोकांनी नावं नोंदवली. शेवटी प्रमाणपत्र मिळालं सात हजारांच्या आसपास लोकांना, शंभरातल्या पाचांना. तेव्हा आपलं पोरगं सोडून देतं म्हणून त्याला आळशी ठरवण्याची घाई नको. फुकट आणि कधीही करता येणारी गोष्ट उद्यावर जाते, हा मनुष्यस्वभाव आहे. व्यायामाचं तेच, वाचनाचं तेच.

मला त्या आकड्यापेक्षा त्याच कोर्समधल्या दुसऱ्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे, त्या परीक्षेत मंगोलियातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. गावोगावच्या भाषणांत हा किस्सा ‘इंटरनेटनं काय चमत्कार केला बघा’ म्हणून सांगतात. पण त्याच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी तो कोर्स शाळेत आणला होता आणि प्रयोग करून घ्यायला अमेरिकेतून एक संशोधक विद्यार्थी बोलावला होता, हे कुणी सांगत नाही. दुसरी म्हणजे, पुढं संशोधकांनी त्या कोर्सची आकडेवारी तपासली, तेव्हा प्रत्यक्षात कुणाबरोबर तरी बसून अभ्यास केलेल्यांचे गुण इतरांपेक्षा जास्त निघाले. सोबती वर्गातला असो नाहीतर विषयातला जाणकार.

खुंट आणि काडी

हे नाशिकच्या माणसाला समजवायला वेळ लागू नये. द्राक्षाची नवी बाग लावताना आपण थॉम्पसनचं रोप थेट जमिनीत लावत नाही. आधी डॉगरीजचा खुंट लावतो, कारण तो पाण्याचा ताण आणि क्षार सोसतो. त्यानं मूळ धरलं की मग त्यावर थॉम्पसनची काडी कलम करतो. द्राक्षं लागतात ती थॉम्पसनची, पण उभी राहतात डॉगरीजच्या मुळांवर.

ऑनलाइन कोर्स ही काडी आहे. उत्तम जातीची, जगातल्या सर्वांत चांगल्या नर्सरीतून आलेली. पण ती रुजवायला इथल्या मातीत उभा असलेला खुंट लागतो. कॉलेजातले एखादे सर, बरोबर कोर्स करणारा एक मित्र, वडिलांचा कारखाना, मामाचं दुकान, घरची शेती. काडी हातात घेऊन फिरलं तर आठवड्यात वाळते.

म्हणून मुलांना मी एकच आग्रह करतो. कोर्स एकट्यानं घेऊ नका, दोघांनी किंवा तिघांनी मिळून घ्या. रविवारी सकाळी तासभर एकत्र बसून त्या आठवड्याची असाइनमेंट सोडवा. नंतर मिसळ खायला जा, ही अट ऐच्छिक आहे, पण तिच्यामुळं हजेरी चांगली राहते.

व्हिडिओ पाहिला, समजला. मग येत का नाही?

समजलं असं वाटणं आणि येणं यात फार अंतर आहे, आणि ते अंतर मोजून झालंय. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींना तो पुन्हा वाचायला लावला, काहींना न बघता आठवेल ते लिहायला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तर चित्र उलटं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून बघणाऱ्यांना ५६ टक्के.

व्हिडिओ दुप्पट वेगानं तीनदा पाहणारी मुलं नेमकी पहिल्या गटात बसतात. पाहताना छान वाटतं, कारण सांगणारा पट्टीचा शिक्षक असतो. पण तबला ऐकून हात बसत नाही. व्हिडिओ वीस मिनिटांचा असेल तर तो थांबवून दहा मिनिटं कोऱ्या कागदावर लिहा: काय सांगितलं, का सांगितलं, उदाहरण कोणतं. अडलं तिथंच फक्त मागं जाऊन बघा. सुरुवातीला कंटाळा येतो. नवं काही शिकताना तो येणारच.

पण अंबड-सातपूरला सर्टिफिकेट कोण विचारतंय?

हा भाऊंचा प्रश्न, आणि खरा प्रश्न हाच. माझं प्रामाणिक मत: सर्टिफिकेट कुणी फारसं विचारत नाही, पण ‘काय केलंस ते दाखव’ असं विचारतात. तेव्हा मुलं फाइल उघडतात, तर आत एकामागून एक प्रमाणपत्रं, सगळी प्लास्टिकच्या पिशवीत. लग्नपत्रिकांचा गठ्ठा दिसावा तशी.

काम दाखवायचं म्हणजे काय, ते बी.कॉम.च्या मुलीचंच उदाहरण घेऊन बघू. समजा तिनं एक्सेल आणि आकडेवारीचा कोर्स घेतला. कोर्समधली उदाहरणं कुठल्यातरी परक्या कंपनीच्या विक्रीची असतात. ती सोडवून झाली की तेच तंत्र लासलगावच्या कांद्यावर लावायचं. केंद्र सरकारच्या अॅगमार्कनेट या संकेतस्थळावर बाजार समित्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर मोफत मिळतात. दोन-तीन वर्षांचे उतरवून घ्यायचे. सुट्ट्यांच्या दिवशीच्या रिकाम्या ओळी, चुकून दोनदा पडलेल्या नोंदी, क्विंटलचे आकडे हे सगळं साफ करायचं. खरं शिक्षण या साफसफाईत आहे, कारण कोर्समधला डेटा आधीच धुवूनपुसून दिलेला असतो. मग आलेख काढायचा.

त्या आलेखावर ८ डिसेंबर २०२३ ला एक रेघ मारायची, त्या दिवशी कांद्याची निर्यातबंदी लागू झाली. दुसरी ४ मे २०२४ ला, त्या दिवशी बंदी उठली. आता दोन रेघांच्या अलीकडं-पलीकडं दर कसे हलले ते बघायचं, आणि एका पानात लिहायचं: काय दिसतं, त्यातलं किती बंदीमुळं असावं आणि किती आवक वाढल्यामुळं. हे शेवटचं सोपं नाही, आणि ‘नक्की सांगता येत नाही, कारण...’ असं लिहिता आलं तर फारच उत्तम. पिंपळगावच्या एखाद्या निर्यातदाराच्या ऑफिसात ही मुलगी मुलाखतीला गेली तर बोलायला विषय तिच्याच हातात असेल.

विज्ञानाच्या मुलाला पाण्याच्या तपासणीचं, कलाशाखेच्या मुलीला भाषांतराचं किंवा मुलाखती घेऊन लिहिण्याचं असंच काम शोधता येतं. पद्धत तीच, कोर्स बाहेरचा आणि काम इथलं.

ओजेटीचं रडगाणंही यातून सुटतं. ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी घेतलेलं प्रशिक्षण. त्यालाही क्रेडिट आहेत, साधारण चार, म्हणजे ३० च्या हिशेबानं १२० तास. बऱ्याच ठिकाणी ते नुसत्या शिक्क्याच्या पत्रावर उरकतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण दुकानदाराला किंवा कारखान्याला ‘तुमचा स्टॉकचा हिशेब एक्सेलमध्ये नीट लावून देते’ असं म्हणणारी मुलगी दारात आली, तर तिला खुर्ची मिळण्याची शक्यता वाढते.

इंग्रजीचं काय?

अडचण खरी आहे. सटाणा, पेठ, सुरगाण्याकडून आलेल्या मुलांना आयआयटीच्या प्राध्यापकांचं सलग इंग्रजी ऐकणं जड जातं. पण त्यांच्यासाठीही वाट आहे. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरिअल’ हा उपक्रम संगणकाची कौशल्यं छोट्या छोट्या व्हिडिओंमधून शिकवतो, मोफत, आणि त्यातले बरेच मराठीत आहेत. लिब्रेऑफिस, लिनक्स, पायथन असे विषय. एका खिडकीत व्हिडिओ, दुसऱ्या खिडकीत ते सॉफ्टवेअर, आणि बघता बघता सोबत करत जायचं, अशीच त्याची रचना आहे. तिथं पाया घालून मग इंग्रजीतल्या कोर्सकडं वळलं की अर्धे शब्द ओळखीचे निघतात.

संकल्पना आधी मराठीत पक्की करण्यात कमीपणा काही नाही. मात्र तिथंच थांबू नये, असंही मला वाटतं. अनेक ठिकाणी मुलाखत इंग्रजीतच होते.

“एवढं सगळं मोबाइलवर मिळतं, तर कॉलेज कशाला?”

खुंट कशाला, असं विचारण्यासारखं आहे हे. शिवाय मोबाइलवर व्हिडिओ दिसतो, पण एक्सेलचा तक्ता मोबाइलवर भरणं हा छळ आहे. घरी लॅपटॉप नसेल तर कॉलेजची संगणक प्रयोगशाळा दुपारनंतर वापरू द्या, असा अर्ज चार मुलांनी मिळून करावा. फी भरली आहे, मागायला लाजायचं काय?

उलट बाजूनंही एक शंका येते: ऑनलाइन शिक्षणाला किंमत नाही म्हणे. ज्या शहरात १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभं आहे, तिथं तरी हे बोलू नये. रात्रपाळी करून, घर सांभाळून, लांबून शिकून पदवी घेतलेली माणसं आपल्या गल्लीतच सापडतील.

पैसे मागणाऱ्यांचं काय?

यावर थोडक्यात, पण स्पष्ट बोलतो. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ लिहिलेली जाहिरात दिसली की पान उलटा. नोकरीची हमी कोर्स विकणाऱ्याच्या हातात नसते. फी हप्त्यांत भरा असं म्हणतात तेव्हा बऱ्याचदा तुमच्या नावावर कर्ज काढलेलं असतं. कोर्स सोडला तरी हप्ते सुटत नाहीत, म्हणून सही करण्याआधी कर्ज देणारी संस्था कोण ते विचारा. आणि कोर्स वेगळा, पदवी वेगळी. खासगी शिकवणी कंपन्यांबरोबर फ्रँचायझी पद्धतीनं पदवी चालवायला परवानगी नाही, असा इशारा विद्यापीठ अनुदान आयोगानं जानेवारी २०२२ मध्येच दिला होता. ऑनलाइन पदवी घ्यायचीच असेल तर त्या विद्यापीठाला आयोगाची त्यासाठीची मान्यता आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावरच्या यादीत बघा. माहितीपत्रकात काय छापलंय त्यावर जाऊ नका.

भाऊ चहा संपवून उठले तेव्हा मुलीला फोन लावला. घरी गेल्यावर ओटीपी आला, तसा या वेळी त्यांनी स्वतःच तिच्या हातात फोन दिला. बारा आकडी क्रमांक मिळाला, आणि त्यांनी तो गॅसचा ग्राहक क्रमांक आणि रेशनकार्डाचा नंबर जिथं लिहून ठेवलाय त्याच वहीच्या पानावर उतरवून घेतला. कोर्सची यादी घेऊन मुलगी सोमवारी समन्वयकांकडे जाणार आहे, मैत्रिणीला बरोबर घेऊन. ओजेटीच्या पत्राचं मात्र अजून ठरलं नव्हतं. “आमच्याकडं स्टोअरचं रजिस्टर अजून हातानंच लिहितात,” माझ्याकडून निघताना भाऊ म्हणाले होते, “विचारतो उद्या साहेबांना.”